अंडर मिल्क वुड: कुठलं ऐकायचं, कुठलं बघायचं आणि सुरुवात कशाने करायची

वेल्श कवी डिलन थॉमसची 'अंडर मिल्क वुड' ही श्रुतिका ऐकायची इच्छा असते, नाव कुठेतरी वाचलेलं असतं, कुणीतरी वेल्श नट रिचर्ड बर्टनच्या आवाजाचं तोंड भरून कौतुक केलेलं असतं, आणि शोधायला बसलं की समोर एवढी रूपं येतात की माणूस गोंधळून जातो. १९५३ चं न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंग, १९५४ चं बीबीसी, १९६३ चं परत बीबीसी, १९७२ चा सिनेमा, १९८८ चा म्युझिकवाला अल्बम, १९९२ ची अ‍ॅनिमेशन फिल्म, २००३ चं मिक्स केलेलं, २०१४ चं टीव्हीवरचं, २०१५ चा अजून एक सिनेमा, आणि वर पुस्तक आहेच. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल: पहिली ओळख कानानेच व्हायला हवी, आणि ती बर्टनच्या १९६३ च्या रेकॉर्डिंगने झाली तर सगळ्यात चांगलं. बाकीचं सगळं त्यानंतर. आता का ते सविस्तर.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेल्समध्ये समुद्राकाठी लारेगब नावाचं एक छोटं काल्पनिक गाव आहे. वसंतातली रात्र आहे, चंद्र नाही, सगळं गाव झोपलंय आणि निवेदक आपल्याला एकेकाच्या स्वप्नात घेऊन जातो. मग उजाडतं, पाद्रीबाबा दारात येऊन आपली सकाळची कविता म्हणतात, पोस्टमन निघतो, बायका हापशावर जमतात, दुकानं उघडतात, पोरं शाळेतून ओरडत सुटतात, दुपारी गाव पेंगतं, संध्याकाळी पाद्रीबाबा परत कविता म्हणतात, आणि पुन्हा रात्र. झालं. कथानक म्हणावं असं काही नाहीच. एका गावाचा एक दिवस, आणि त्यात साठाच्या वर माणसं.

पण माणसं कसली आहेत बघा. पोस्टमन विली निली सगळ्यांना पत्रातला मजकूर पाकीट देतानाच सांगतो, कारण त्याची बायको किटलीच्या वाफेवर पाकिटं आधीच उघडून वाचून झालेली असते, आणि गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही. कापडदुकानवाला मॉग एडवर्ड्स आणि शिवणकाम करणारी मिस मायफॅन्वी प्राइस एकाच गावात राहून एकमेकांना रोज प्रेमपत्रं लिहितात, पण एकत्र येत नाहीत आणि दोघंही तसेच सुखी आहेत. लॉर्ड कट-ग्लासच्या स्वैपाकघरात सहासष्ट घड्याळं आहेत आणि प्रत्येकात वेगळी वेळ. नोगुड बॉयो होडीत पडून मासे धरायला बघतो आणि गळाला लागतं काय तर बायकी कॉर्सेट. मिसेस ऑगमोर-प्रिचर्ड स्वच्छतेने एवढी पछाडलेली की मेलेल्या दोन्ही नवऱ्यांना झोपेतसुद्धा शिस्त लावते, ते बिचारे एकामागून एक आपापली कामं पाठ म्हणून दाखवतात, आणि उन्हाला घरात घ्यायच्या आधी त्याचे बूट पुसून घ्या असा हुकूम सोडते. हे सगळं काव्यात आहे, म्हणजे छंदात नाही, पण प्रत्येक वाक्यात शब्द एकमेकांवर आदळत, घरंगळत, नाद करत येतात आणि तो नादच या श्रुतिकेचा जीव आहे.

म्हणूनच निवड करताना मी पहिला प्रश्न हा विचारते की ज्या रूपात आपण हे घेणार आहोत त्यात तो नाद किती शिल्लक राहतो. थॉमसने स्वतः याला आवाजांसाठीचं नाटक म्हटलंय, रंगमंचासाठीचं नाही, पडद्यासाठीचं तर नाहीच नाही. आणि हे नुसतं वर्णन नाही, रचनाच तशी आहे. गावातलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र म्हणजे कॅप्टन कॅट, जहाजावरून निवृत्त झालेला म्हातारा कप्तान, आणि तो आंधळा आहे. तो दिवसभर खिडकीत बसून गाव ऐकतो. सकाळच्या एका प्रसंगात तो पावलांवरून माणसं ओळखतो, पोस्टमनची चाल ओळखतो, हापशाभोवती बायकांचा कालवा चाललेला असतो, कोणाला दिवस गेलेत, कोणाच्या नवऱ्याने कोणाचा डोळा सुजवला, आणि मधेच तो कालवा थांबतो. त्या थांबण्यावरूनच कॅप्टन कॅट ओळखतो की पॉली गार्टर येतेय. पॉलीला एकाहून जास्त बापांची पोरं आहेत, गावच्या बायका तिच्या तोंडावर काही बोलत नाहीत, म्हणून ती आली की शांतता पसरते, आणि आंधळ्या माणसाला ती शांतता ऐकू येते.

आता हे रेडिओवर ऐका. आपल्यालाही काही दिसत नसतं, आपण आणि कॅप्टन एकाच जागी बसलेलो असतो, आणि तो गप्प बसलेला क्षण आपल्यालाही कळतो. हेच पडद्यावर दाखवलं की काय होतं, पॉली रस्त्यावरून चालत येताना आधीच दिसते, आणि मग कॅप्टनचं ओळखणं ही फक्त एक माहिती उरते. माझा सगळा कल आवाजाकडे आहे तो या एका जागेमुळे, आणि अशा जागा पूर्ण नाटकात पेरलेल्या आहेत.

तर आवाजातली तीन मोठी रेकॉर्डिंग्ज. खरी स्पर्धा इथेच आहे.

पहिलं १४ मे १९५३ चं, न्यूयॉर्कच्या ९२ व्या स्ट्रीटवरच्या वायएमवायडब्ल्यूएचए या ज्यू सांस्कृतिक संस्थेच्या पोएट्री सेंटरमधलं. नाटकात निवेदक दोन आहेत, यात थॉमस स्वतः पहिला निवेदक आहे आणि पाद्री एली जेंकिन्सही तोच, बाकी पाच अमेरिकन नट सगळी गर्दी वाटून घेतात. नाटक अजून पूर्ण लिहून झालेलंच नव्हतं, शेवटची पानं प्रयोगाच्या तोंडावर नटांच्या हातात पडली. हे रेकॉर्ड झालं तेही जवळजवळ योगायोगाने, स्टेजवर जमिनीवर ठेवलेल्या एका मायक्रोफोनवर, आणि पुढे केडमन या रेकॉर्ड कंपनीने ते बाहेर काढलं. हे ऐकायचं मुख्य कारण म्हणजे प्रेक्षक. सुरुवातीला लोक गंभीर चेहऱ्याने बसलेत हे ऐकताना कळतं, मोठ्या कवीचं काहीतरी ऐकायला आलोय अशा भावनेने, आणि मग हळूहळू एकेक जण हसायला लागतो आणि काही वेळाने सगळं सभागृह हसतंय. हे नाटक विनोदी आहे, मनापासून विनोदी आहे, हे बर्टनच्या भारदस्त आवाजात कधीकधी विसरायला होतं आणि न्यूयॉर्कचं रेकॉर्डिंग ते विसरू देत नाही.

थॉमसचा आवाज पण ऐकण्यासारखा आहे. स्वान्सीमध्ये जन्मलेला हा माणूस वेल्श भाषा बोलत नव्हता, लहानपणी उच्चारांचे धडे घेतलेले, त्यामुळे बोलणं एकदम सुसंस्कृत इंग्रजी, थोडं व्यासपीठावरचं. आपल्या कानाला तो बर्टनपेक्षा सोपा जातो, प्रत्येक शब्द वेगळा कळतो. पण तोटेही आहेत आणि ते लहान नाहीत. आवाज लांबून येतो, कुणी माइकपासून दूर गेलं की वाक्य पातळ होतं, आणि अमेरिकन नटांच्या तोंडी वेल्श गाव तितकंसं बसत नाही. शिवाय थॉमसने नंतर ऑक्टोबरपर्यंत मजकुरात भर घातली, ती यात नाही. म्हणून पहिलं म्हणून नको. दुसरं किंवा तिसरं म्हणून मात्र चुकवू नका, कारण त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ९ नोव्हेंबर १९५३ ला, त्याच शहरात तो गेला, वय ३९.

मग १९५४ चं बीबीसी. याची हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बीबीसीचा निर्माता डग्लस क्लेव्हरडन कितीतरी काळ थॉमसच्या मागे लागून हे लिहून घेत होता. ऑक्टोबर १९५३ मध्ये एकदाचं हस्तलिखित हातात आलं, क्लेव्हरडनने टाइप करून घेतलं आणि मूळ कागद थॉमसला परत दिले, आणि थॉमसने ते लंडनमध्ये कुठेतरी हरवले. अमेरिकेला निघायच्या वेळी क्लेव्हरडनने त्याला टाइप केलेल्या प्रती नेऊन दिल्या तेव्हा थॉमस म्हणाला की तू जीव वाचवलास, मूळ प्रत सापडली तर तुझी, आणि कुठे राहिली असेल त्या पबची नावं सांगितली. क्लेव्हरडनला ती सोहोतल्या हेल्व्हेशिया नावाच्या पबमध्ये सापडली. पुढे थॉमसच्या पश्चात त्या कागदांच्या मालकीवरून कोर्टात केस झाली आणि १९६६ मध्ये निकाल क्लेव्हरडनच्या बाजूने लागला. हे सगळं बाजूला ठेवलं तरी एवढं लक्षात घ्या की या नाटकाला कान देणारा, ते ओढून काढणारा आणि रेडिओवर उभा करणारा माणूस एकच आहे, आणि १९५४ आणि १९६३ दोन्ही रेकॉर्डिंग्ज त्याचीच.

२५ जानेवारी १९५४ ला थर्ड प्रोग्रॅमवर, म्हणजे बीबीसीच्या साहित्य-संगीताच्या रेडिओ वाहिनीवर, ते पहिल्यांदा लागलं. थॉमसला जाऊन अडीच महिने झालेले. बर्टन पहिला निवेदक, ह्यू ग्रिफिथ कॅप्टन कॅट, आणि सगळे नट वेल्श, हा क्लेव्हरडनचा आग्रह. बर्टन तेव्हा २८ वर्षांचा. पाँट्रिडिफेन गावातल्या खाणकामगाराचा मुलगा, घरची भाषा वेल्श, इंग्रजी नंतर शिकलेला, त्यामुळे त्याच्या तोंडी ही वाक्यं येतात तेव्हा त्यांना आपोआप एक हेलकावा मिळतो. थॉमस वाचतो तेव्हा कवी कविता वाचतोय असं वाटतं आणि बर्टन बोलतो तेव्हा गावचाच कुणीतरी अंधारात कानाशी येऊन सांगतोय असं वाटतं, मला तरी हाच सगळ्यात मोठा फरक वाटतो. त्या वर्षीचा प्री इटालिया हा रेडिओसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार याच रेकॉर्डिंगला मिळाला.

मग १९५४ का नाही, १९६३ का? दोन कारणं. एक म्हणजे १९५४ मध्ये काही भाग गाळले होते आणि १९६३ मध्ये क्लेव्हरडनने पूर्ण नाटक रेकॉर्ड केलं, ते ११ ऑक्टोबर १९६३ ला प्रसारित झालं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पूर्ण गाव मिळावं. दुसरं कारण म्हणजे आवाजाची स्वच्छता. नऊ वर्षांत तंत्र सुधारलेलं आणि ते ऐकू येतं, कुजबुज कुजबुजीसारखी येते, गाणी मागे दबत नाहीत. बर्टनचा आवाज तोवर थोडा भारी, थोडा संथ झालाय. १९५४ मध्ये त्याच्यात एक अधीरपणा आहे, वाक्याच्या शेवटाकडे धावतो, ज्यांना तो तरुण आवाज आवडतो ते १९५४ ची बाजू घेतात आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. दोन्ही ऐकणार असाल तर आधी ६३ आणि मग ५४. एक व्यवहाराची गोष्ट, विकत घेताना किंवा स्ट्रीमिंगवर शोधताना नुसतं बर्टन असं लिहिलेलं असतं आणि वर्ष लिहिलेलं नसतं, तेव्हा माहितीत जाऊन वर्ष बघून घ्या.

ऐकायची पद्धत पण महत्त्वाची आहे. दीड तासाच्या आसपासचा ऐवज आहे. हेडफोन लावा, रात्रीची वेळ बघा, आणि भांडी घासता घासता किंवा गाडी चालवताना पहिल्यांदा तरी ऐकू नका. आकाशवाणीवरची नभोनाट्यं ज्यांनी घरात दिवा मालवून ऐकलीयत त्यांना वेगळं सांगायला नकोच, कान एका जागी ठेवायची सवय ज्यांना आहे त्यांना पहिल्या पाच मिनिटांतच गाव दिसायला लागतं. बाकीच्यांना वीस मिनिटं लागतील. ती वीस मिनिटं द्या. सुरुवातीला स्वप्नांचा भाग आहे, माणसं झपाझप येतात, नावं लक्षात राहत नाहीत, आणि बरेच लोक तिथेच बंद करतात. नावं लक्षात ठेवायची गरजच नाही, सकाळ झाली की तीच माणसं जागी होऊन परत येतात आणि आवाजावरून ओळखू यायला लागतात.

१९८८ चा अल्बम हे वेगळंच प्रकरण. जॉर्ज मार्टिन, म्हणजे बीटल्सचा निर्माता, त्याने हे स्टुडिओत सजवून केलं. अँथनी हॉपकिन्स पहिला निवेदक, जोनाथन प्राइस, टॉम जोन्स, बॉनी टायलर, मेरी हॉपकिन असे सगळे वेल्श लोक गोळा केले, आणि काही गाण्यांना एल्टन जॉनसारख्यांच्या नव्या चाली. हॉपकिन्स फार चांगला आहे, बर्टनपेक्षा घरगुती, कमी नाट्यपूर्ण, आणि काही प्रसंगांत, विशेषतः पती-पत्नींच्या संवादांत, त्याच्या साधेपणाने विनोद जास्त खुलतो. पॉली गार्टर फरशी पुसता पुसता आपल्या गेलेल्या प्रियकरांचं गाणं म्हणते, नावं खूप घेते पण मनात एकच, तो मेलेला छोटा विली वी. मूळ रेडिओत त्याला संगीतकार डॅनियल जोन्सची साधी, पोरांच्या खेळगाण्यासारखी चाल होती. अल्बममध्ये ते पूर्ण गाणं होऊन येतं, ऐकायला छान आहे, पण फरशी पुसणारी बाई नाहीशी होते आणि गायिका उरते. ज्यांना जुन्या रेकॉर्डिंगचा खरखरीतपणा अजिबात सोसत नाही, ज्यांना स्वच्छ स्टीरिओ हवं, त्यांनी इथून सुरुवात केली तर मी नाही म्हणणार नाही. गाव नीट ऐकू येतं.

२००३ मध्ये थॉमसच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली तेव्हा बीबीसीने जुन्या रेकॉर्डिंगमधला बर्टनचा आवाज साफ करून घेतला आणि भोवती नवे वेल्श नट बसवले. तंत्र म्हणून कमाल आहे, सांधा कळत नाही. पण बर्टन कुणाचं ऐकून बोलत नाहीये, ते मला जाणवत राहतं. आधी जुनं ऐकलेल्यांना कुतूहल म्हणून ठीक.

आता पडद्यावरचं. १९७२ चा अँड्र्यू सिंक्लेअरचा सिनेमा बऱ्याच जणांच्या पहिल्यांदा हाती लागतो कारण नावं तशी आहेत, बर्टन, एलिझाबेथ टेलर, पीटर ओटूल. पेम्ब्रुकशरमधल्या फिशगार्डच्या खालच्या जुन्या बंदरावर शूटिंग झालंय आणि ती जागा खरोखर सुंदर आहे, दगडी घरं, भरती-ओहोटी, चिखलात कललेल्या होड्या. ओटूल कॅप्टन कॅट, टेलर म्हणजे त्याची मेलेली प्रेयसी रोझी प्रोबर्ट. बर्टन गावातून फिरतो आणि त्याचं निवेदन वरून चालू राहतं. अडचण अशी की निवेदक जे शब्दांत रंगवतो तेच चित्र समोर दिसत असतं, म्हणजे एकच गोष्ट दोनदा, आणि शब्द हरतात कारण डोळा कानाच्या आधी पोचतो. रोझी आणि कॅप्टनचा संवाद घ्या. ती बुडालेल्या आठवणीतून बोलते, तो विचारतो, ती उत्तर देते, आणि शेवटी ती सांगते की मी आता मेलेय आणि मला स्वतःचा जन्मही आठवत नाही. रेडिओवर हा आवाज कुठून येतोय हे माहीत नसतं आणि अंगावर काटा येतो. पडद्यावर एलिझाबेथ टेलर दिसते. ती सुंदर दिसते, पण रोझी ही दिसायची गोष्टच नाही.

तरी या सिनेमात काही माणसं चेहऱ्यासकट बघावीत अशी आहेत आणि ते मान्य करायलाच हवं. मास्तर मिस्टर प्यू आणि त्यांच्या बायकोचं जेवण. मास्तर जेवताना विषप्रयोग करणाऱ्यांच्या चरित्रांचं पुस्तक वाचतोय, वर साधा तपकिरी कागद चढवलेला, बायकोने विचारलं की थोर संतांची चरित्रं आहेत म्हणून सांगतो, आणि मनात तिच्यासाठी काय काय उकळत असतो ते फक्त आपल्याला ऐकू येतं. व्हिव्हियन मर्चंट मिसेस प्यू म्हणून एवढी थंड बसते की त्या टेबलावरची हवा गोठते. मिसेस ऑगमोर-प्रिचर्ड म्हणून शॉन फिलिप्स पण तशीच जमून गेलीय. ज्यांना आधी नाटक तोंडपाठ झालंय त्यांनी हा सिनेमा फोटोंचा अल्बम बघतोय अशा वृत्तीने बघावा, आनंद होतो.

२०१५ चा केव्हिन अ‍ॅलनचा सिनेमा, ऱ्हिस इफान्स, शार्लट चर्च, सॉल्व्हा नावाच्या गावात केलेला, हा याच्या उलट टोकाला. यात स्वप्नांचा भाग अगदी मोकाट सोडलाय, रंग, अंगं, चिखल, शारीरिकपणा भरपूर. मुलांबरोबर बसून बघायचा नाही. पण याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, हाच सिनेमा एकाच वेळी वेल्श भाषेतही केला, 'डॅन अ वेनॅल्ट' नावाने, टी. जेम्स जोन्सच्या भाषांतरावरून, आणि ऑस्करच्या परभाषा विभागासाठी ब्रिटनने तीच आवृत्ती पाठवली होती. ज्या माणसाला वेल्श येत नव्हतं त्याने इंग्रजीत लिहिलेलं गाव शेवटी आपल्या भाषेत बोललं. दोन्हींतलं एक बघणार असाल तर वेल्शच बघा, सबटायटल्स लावून. शब्द कळत नाहीत म्हणून उलट ताल जास्त ऐकू येतो.

१९९२ ची अ‍ॅनिमेशन फिल्म साधारण पन्नास मिनिटांची आहे आणि तिच्यात आवाज १९६३ चाच वापरलाय, म्हणजे कापून घेतलेला. शाळेतल्या मुलांना ओळख करून द्यायची असेल, किंवा घरात कुणी नुसतं ऐकत बसायला तयार नसेल, तर हा मधला मार्ग बरा आहे. २०१४ चं बीबीसी वेल्सचं, थॉमसच्या जन्मशताब्दीच्या वेळचं, त्यात मायकल शीन, मॅथ्यू ऱ्हिस, टॉम जोन्स, ब्रिन टर्फेल, कॅथरीन जेंकिन्स असे जगभर पसरलेले वेल्श कलाकार आपापल्या ठिकाणाहून कॅमेऱ्याकडे बघून आपापले तुकडे म्हणतात. हे मला सिनेमांपेक्षा आवडतं, कारण चित्र मधे येत नाही, बोलणाऱ्याचं तोंड दिसतं एवढंच, आणि शीन पहिल्या ओळीपासून असा सुटतो की बर्टनची आठवण काही काळ बाजूला पडते. ज्यांना कान आणि डोळा दोन्ही गुंतवून ठेवायला लागतात त्यांनी हे घ्यावं. याच शीनने २०२१ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ते रंगमंचावर केलं, वृद्धाश्रमाच्या चौकटीत बसवून.

पुस्तकाबद्दल मात्र आपल्याकडच्या वाचकांनी वेगळा विचार करायला हवा असं मला वाटतं. इंग्रज ऐकणारा पहिल्या फटक्यात जे पकडतो ते आपल्याला पकडता येईलच असं नाही, थॉमस शब्द जोडून नवे बनवतो, एका नामाला चार-चार विशेषणं एका दमात लावतो, आणि वेल्श उच्चारात ती सरकून जातात. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्यांदा पुस्तक न घेता ऐका, अर्धं कळलं तरी चालेल, मग पुस्तक समोर ठेवून परत ऐका, तेव्हा एकेक शब्द जागेवर बसताना जो आनंद होतो तो विलक्षण असतो. आधी वाचून मग ऐकणं टाळा, कागदावर ते जड आणि अलंकारिक वाटू शकतं, आणि एकदा तसं वाटलं की ते मत सुटत नाही. आवृत्ती घ्यायची तर वॉल्फर्ड डेव्हिस आणि राल्फ मॉड यांनी संपादित केलेली १९९५ ची बघा, टिपा चांगल्या आहेत आणि मजकूर काळजीने तपासलेला आहे.

त्या टिपांमुळे गावामागची गावंही कळतात. थॉमस १९४४-४५ मध्ये न्यू की या समुद्राकाठच्या गावात राहिला, तिथल्या झोपलेल्या सकाळीवर त्याने एक रेडिओचं निवेदन लिहिलं होतं, त्यात या नाटकाची बीजं दिसतात, आणि १९४९ पासून तो लार्नला होता, खाडीवरच्या बोटहाउसमध्ये, वर टेकाडावर त्याची लिहायची शेड. लारेगब म्हणजे नक्की कुठलं यावर दोन्ही गावांचा दावा आहे. मधल्या काळात त्याच्या डोक्यात एक वेगळंच कथानक होतं, सरकार या गावाला वेडं ठरवतं, खटला चालतो, कॅप्टन कॅट गावाच्या बाजूने उभा राहतो, आणि शहाणं गाव कसं असतं हे वर्णन ऐकल्यावर गावकरीच म्हणतात की आम्हाला वेडेच राहू द्या, कुंपण घाला. ते कथानक त्याने सोडून दिलं आणि बरंच झालं, पण ते माहीत असलं की लॉर्ड कट-ग्लासची घड्याळं आणि मिसेस ऑगमोर-प्रिचर्डचे मेलेले नवरे यांच्याकडे तो एवढ्या मायेने का बघतो ते समजतं. पूर्ण नाटकात तो एकाही माणसाचा निवाडा करत नाही. पाद्रीबाबा संध्याकाळच्या प्रार्थनेत देवाला सांगतात की आमच्यात पूर्ण वाईट किंवा पूर्ण चांगलं कुणीच नाही, आमची चांगली बाजू बघ, आणि पॉली गार्टरचं गाणं ऐकून देवाचे आभार मानतात की आम्ही संगीतप्रिय लोक आहोत. मला वाटतं कुठलंही रूप निवडताना हा मायेचा सूर त्यात आहे का हे शेवटी बघावं. २०१५ च्या इंग्रजी सिनेमात तो कमी पडतो, १९६३ मध्ये भरपूर आहे, आणि १९५३ मध्ये तर लिहिणाराच बोलतोय.

एकटं ऐकणाऱ्यांसाठी एवढं. पण ग्रुपने वाचायचा विचार असेल, कॉलेजचं नाट्यमंडळ असेल, वाचक कट्टा असेल, तर घाबरू नका. पात्रं साठाच्या वर असली तरी न्यूयॉर्कला थॉमस धरून सहा जणांनी ते उभं केलं होतं, खुर्च्यांवर बसून, हातात कागद धरून. सेट नको, वेशभूषा नको. चांगलं वाचणारे दोन निवेदक ठरवा, बाकीच्यांनी चार-पाच आवाज वाटून घ्या, पॉलीचं गाणं जिला साधा गळा आहे तिला द्या. वेळ कमी असेल तर सकाळचा भाग घ्या, पाद्रीबाबांच्या कवितेपासून हापशावरच्या बायकांपर्यंत, तेवढाच तुकडा अर्ध्या तासात बसतो आणि त्यात गाव पूर्ण येतं. मूळ लेखन भारतात कॉपीराइटच्या मुदतीतून बाहेर पडलंय, त्यामुळे मराठीत करून बघायचीही मोकळीक आहे. तसं कुणी करणार असेल तर निवेदकाचा भाग आधी मोठ्याने वाचत वाचत लिहा, आणि वाचताना दम कुठे लागतो ते बघूनच वाक्य तोडा.